पाटल्या मोडल्या त्या कशासाठी?

मध्यमवर्गीय मराठी घरात सोने सहसा विकले जात नाही. ते 'मोडले' जाते. व्यापारी कापड विकतो, शेतकरी हळद विकतो. पण घरची लक्ष्मी हातांतल्या पाटल्या उतरवून समोर ठेवते, तेव्हा तिथे विक्रीची भाषा कुणी काढीत नाही. "पाटल्या मोडल्या" एवढेच म्हणायचे आणि विषय बदलायचा. भाषा शिकवण्यावर पोट असल्यामुळे मला या शब्दाचे फार नवल वाटत आले आहे. विकण्यात नफा असू शकतो, मोडण्यात तो नसतो. घडणावळ, नक्षी, लग्नाची आठवण, सासूबाईंची माया, हे सगळे वजा होते आणि उरते ते नुसते वजन. सराफ पैसे देतो ते तेवढ्याचे.

अशी बातमी कानांवर आली, की घरातली जुनी बाई "किती आले?" असे आधी विचारीत नाही. ती विचारते, "कशासाठी मोडल्या गं?" मुलाच्या फीसाठी, असे उत्तर आले, की ती मान हलवते. मळ्यातल्या विहिरीवर मोटर बसवायला, असे म्हटले तरी तिचे समाधान होते. पण वाण्याची उधारी भागवायला, किंवा मागच्या कर्जाचे व्याज द्यायला, असे कळले, की ती काहीच बोलत नाही. पदराच्या टोकाशी चाळा करीत बसते. तिने अर्थशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते. पण सोन्याचे रूपांतर दुसऱ्या कमाईच्या वस्तूत झाले, की ते ताटातल्या आमटीत विरघळले, यातला फरक तिला बिनचूक कळतो.

दिवाळीच्या दिवसांत, सराफकट्ट्यावर गर्दी असताना, हा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण गेली काही वर्षे मला हाच प्रश्न एका फार मोठ्या घराला विचारावासा वाटतो आहे. ते घर तुमच्याआमच्या चांगल्या ओळखीचे आहे. एके काळी त्याची तार आपल्या दारापर्यंत यावी म्हणून आपण वर्षानुवर्षे देव पाण्यात घालून बसत होतो. भारत संचार निगम हे त्या घराचे नाव. मुंबई-दिल्लीकरांपुरते त्याचेच धाकटे भावंड म्हणजे महानगर टेलिफोन निगम. या दोघांनी जमिनी विकायला काढल्या, इमारती काढल्या, घरे काढली, आणि त्याच वेळी दारोदार काचेच्या तारेचे नवे इंटरनेट नेण्याची उमेदही धरली. मोडणे आणि मांडणे अशी दोन्ही कामे एकाच छपराखाली चालली आहेत. तेव्हा जुन्या बाईंचा प्रश्न इथे विचारणे भाग आहे.

मी हे लिहितो आहे ते कुपवाडहून. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. पाटीवर आमचे नाव तिसरे लागले. आम्हांला त्याचे वाईट वाटत नाही. सांगलीकडे नाटकाचा मान आणि हळदीची पेठ, मिरजेकडे तंबोरे आणि दवाखाने. आमच्याकडे एमआयडीसी, वर्कशॉपांचे खणखणाट आणि पाळी सुटल्यावर निघणाऱ्या सायकली-मोटारसायकली. नव्या सोयी आमच्याकडे तिसऱ्या पंक्तीला येतात याचीही सवय झाली आहे. केबल टीव्हीला सेट-टॉप बॉक्स लावण्याची सक्ती झाली, तेव्हा २०१२ साली मुंबईची पंगत बसली, २०१३ साली पुण्या-नागपूरची, आणि आमच्यासारख्या शहरांना मुदत मिळाली ती २०१५ च्या डिसेंबरअखेरची. तिसऱ्या पंक्तीचा एक नियम सर्वांना ठाऊक आहे : वाढपी दमलेला असतो आणि जिलबी संपत आलेली असते. म्हणून कंपनी मोठी की लहान, सरकारी की खासगी, यापेक्षा आम्हांला काळजी असते ती एवढीच, की तार आमच्या गल्लीपर्यंत येईपर्यंत कुणी शिल्लक राहील ना?

'तार' हा शब्द आपल्या भाषेने किती कामांना लावला आहे पाहा. तंबोऱ्याची ती तार, कुंपणाची ती तार, आणि पोस्टमन अवेळी घेऊन येई तीही तारच. तिने आणलेली बातमी बहुधा वाईट असे. "तार आली" एवढ्यानेच घरात रडारड सुरू होई. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि चालवीत होते ते भारत संचार निगमच. टेलिफोनची गोष्ट आणखी निराळी. मुंबईत पहिले एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले; पण त्यानंतर शंभर वर्षांनीही मध्यमवर्गीय माणसाला फोन मिळणे म्हणजे नशिबाचाच भाग होता. अर्ज करायचा, नंबर लावायचा आणि मुलांची लग्ने होईपर्यंत वाट पाहायची. एखाद्याकडे फोन आला, की तो साऱ्या गल्लीचा होई. "जोशीकाकू, आमचा फोन आला तर जरा हाक मारा हं", असे सांगायला संकोच वाटत नसे. मग १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, देशातच लहान एक्स्चेंजे बनू लागली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे फलक लागले, आणि नव्वदीच्या दशकात ही तार हळूहळू घराघरांत पोचली.

ते या घराच्या भरभराटीचे दिवस होते. महानगर टेलिफोन निगम १९८६ सालचे. भारत संचार निगम १ ऑक्टोबर २००० रोजी सरकारी खात्यातून वेगळे झाले, आणि खात्याच्या जमिनी, इमारती, तारा, माणसे असा सारा संसार त्याच्या वाट्याला आला. २००४-०५ साली त्याचा नफा दहा हजार कोटी रुपयांच्या वर होता. जानेवारी २००५ मध्ये त्याने त्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले. त्या वेळच्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटच्या वेगाला ब्रॉडबँड म्हणत. आज घरोघरच्या साध्या योजनाही त्याच्या दोनशेपट वेगाच्या असतात. पण तेव्हा तेवढ्यानेही पोरांचे डोळे दिपले होते. २००६ च्या सुमारास देशात तारेच्या टेलिफोनांची संख्या पाच कोटींच्या घरात गेली. ती चढण तिथेच संपली.

उतार कसा लागला, हे थोडक्यात सांगतो. एक तर मोबाइल आला आणि तारेचा फोन कोनाड्यातल्या समईसारखा झाला. पुसून ठेवायचा, पण लावायचा नाही. दुसरे, २०१० साली थ्री-जी आणि वायरलेस ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव झाला. खासगी कंपन्यांनी जी बोली लावली तिच्याइतकी रक्कम या दोन्ही सरकारी कंपन्यांनाही भरावी लागली. भारत संचारने सुमारे साडेअठरा हजार कोटी भरले, महानगरने सुमारे अकरा हजार कोटी. लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या तोलाने खर्च करावा आणि मग जन्मभर हप्ते फेडावेत, तसा हा प्रकार झाला. महानगरचे कर्ज तेव्हापासून जे चढू लागले ते उतरलेच नाही. तिसरे, माणसे. २०१८-१९ साली भारत संचारच्या उत्पन्नातले शंभरातले सुमारे पंचाहत्तर रुपये पगारावर जात, महानगरचे सुमारे सत्त्याऐंशी. चौथे, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, सगळीकडे फोर-जीचा धडाका उडाला, आणि या घराला मात्र फोर-जीच्या लहरीच मिळालेल्या नव्हत्या. शर्यतीत उतरवलेल्या घोड्याला खोगीरच न देण्यासारखे ते झाले.

शेवटी २३ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्र सरकारने सुमारे एकोणसत्तर हजार कोटींची योजना जाहीर केली. तीत तीन गोष्टी होत्या. लहरी द्यायच्या, माणसे कमी करायची आणि पाटल्या मोडायच्या. जमिनी-इमारती वगैरेंतून सुमारे अडतीस हजार कोटी उभे राहतील, असा अंदाज सांगितला गेला. यात अयोग्य काही नव्हते. जुन्या एक्स्चेंजला मोठमोठे दिवाणखाने लागत. यंत्रांच्या रांगाच्या रांगा खडखडत असत. तेच काम आज कपाटाएवढी पेटी करते. मग एवढ्या रिकाम्या खोल्यांत कबुतरे पाळण्यापेक्षा त्या विकाव्यात, भाड्याने द्याव्यात, हे कुणालाही पटेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिली यादी निघाली. तीत हैदराबाद, चंडीगड, भावनगर, कोलकाता इथल्या भारत संचारच्या मालमत्ता होत्या, आणि मुंबईत गोरेगावच्या वसारी हिलवरची महानगरची जागा व ओशिवऱ्याची काही घरेही होती.

पुढे काय झाले? मार्च २०२५ मध्ये संसदेत जो हिशेब सांगितला गेला, तो बोलका आहे. २०१९ पासून जानेवारी २०२५ पर्यंत जमीन आणि इमारतींतून भारत संचारला मिळाले सुमारे २,३८८ कोटी, महानगरला सुमारे २,१३५ कोटी. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या आसपास. टॉवर आणि फायबर यांतून भारत संचारला ८,२०४ कोटी, महानगरला २५८ कोटी. सगळी बेरीज १२,९८५ कोटी. अडतीस हजारांच्या अंदाजापुढे ही तिसरा हिस्सा भरते. आणि त्यातही जमिनीपेक्षा टॉवर-फायबरचाच वाटा मोठा. घर बांधलेल्या कुणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. सरकारी जागेच्या उताऱ्यावर जुन्याच खात्याचे नाव लागलेले असते, शहराच्या आराखड्यात ती टेलिफोनसाठी राखून ठेवलेली असते, आणि वहिवाट एकाची तर कागद दुसऱ्याचा. आपल्याकडे चार गुंठ्यांचा सात-बारा नीट करून घेता घेता माणसाचे केस पांढरे होतात. इथे तर साऱ्या देशाचा सात-बारा.

दरम्यान माहेरहून मदत येतच होती. २०२२ साली १ लाख ६४ हजार कोटींची दुसरी योजना झाली, २०२३ साली ८९ हजार कोटींची तिसरी. तिन्ही मिळून सुमारे ३ लाख २२ हजार कोटी. यातली सगळी रोकड नव्हे. लहरींची किंमत, भागभांडवल, सरकारी हमी असे तिचे अनेक प्रकार आहेत. तरी तुलना करायचीच झाली, तर पाटल्या मोडून आलेली रक्कम या मदतीपुढे रुपयात चार पैसे भरते. म्हणजे घर सावरले असेल तर ते मुख्यतः माहेरच्या पैशाने सावरले. आणि माहेर म्हणजे कोण, हे मी सांगायला नको. कर भरणारे तुम्ही आणि मीच ते माहेर.

मग या सगळ्याचे झाले काय? महानगरची गोष्ट आधी सांगतो, कारण ती दुःखाची आहे. २०२५ साली त्याचे एकूण कर्ज ३४ हजार कोटींच्या वर होते, आणि बँकांचे हप्तेही थकले होते. त्याचा कारभार भारत संचारकडे सोपवला गेला. मुंबईसारख्या सोन्याच्या खाणीत जमीन असूनही ती विकून येणारा पैसा कर्जाच्या तोंडीच जाणार. जुन्या बाईंनी पदराशी चाळा करावा, असे हे उत्तर आहे.

भारत संचारची गोष्ट मात्र इतकी काळवंडलेली नाही. २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत त्याने २६२ कोटींचा नफा दाखवला. २००७ नंतर असा आकडा पहिल्यानेच दिसला. चौथ्या तिमाहीतही नफा झाला, पण साऱ्या वर्षाचा मेळ घातला तेव्हा सव्वादोन हजार कोटींचा तोटा उरला, आणि एप्रिल ते जून २०२५ मध्ये पुन्हा हजार कोटींवर तोटा आला. ताप उतरला, पण अजून रोगी भिंतीला धरून चालतो, असे वैद्य म्हणतील. २७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे नवरात्रात, त्याच्या देशी बनावटीच्या फोर-जीचे उद्घाटन झाले. सुमारे साडेसत्त्याण्णव हजार टॉवर उभे राहिल्याचे सांगण्यात आले. उशिरा का होईना, घोड्यावर खोगीर चढले.

आणि तारेचे काय? तांब्याची तार जाऊन तिथे काचेची येते आहे. हा बदल नुसत्या वेगाचा नाही. तांब्यातून जाते वीज. ती जितकी दूर जाईल तितकी क्षीण होते. म्हणून ज्याचे घर एक्स्चेंजच्या शेजारी त्याचे इंटरनेट पळे, आणि दोन-तीन किलोमीटर पलीकडे राहणाऱ्याचे रांगे. काचेच्या केसासारख्या तंतूतून जातो प्रकाश. त्याला गावचे अंतर म्हणजे अंगणच. तांब्याला पाण्याचे वावडे. पावसाळ्यात सांध्यात ओल शिरली, की फोनमध्ये घूं घूं सुरू. कृष्णेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिलेल्या माणसांना या गुणाची किंमत निराळी सांगावी लागत नाही. काच पाण्याने गंजत नाही. मात्र तिचा एक दोषही सांगितला पाहिजे. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेवाटेच मिळे; लोडशेडिंगच्या अंधारातही तो वाजत असे. काचेतून वीज जात नाही. घरचा दिवा गेला, की तो डबाही डोळे मिटतो. इन्व्हर्टर असेल तरच जागा राहतो. विक्रेता हे सहसा सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

इथे वाचक म्हणतील, हा सरकारी कारभार; तो असाच चालायचा. तसे मात्र नाही. मोडण्याची पाळी खासगी केबलवाल्यांवरही आली. १९९२ नंतर ज्यांनी गच्च्यागच्च्यांवरून काळी वायर फिरवून घराघरांत झी आणि स्टार नेले, त्या धंद्याच्या मोठ्या कंपन्या पुढे धापा टाकू लागल्या. हॅथवे आणि डेन या दोन कंपन्यांत ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने बहुमताचा वाटा घेण्याचे ठरवले. एकीसाठी २,९४० कोटी, दुसरीसाठी २,२९० कोटी. त्यांना हवी होती ती टीव्हीची चित्रे नव्हेत. दारापर्यंत गेलेली वाट हवी होती. झीच्या समूहातून निघालेली सिटी नेटवर्क्स २०२३ साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. अमेरिकेतही तेच. वाइड ओपन वेस्ट नावाच्या केबल कंपनीने २०२१ साली आपले पाच शहरी विभाग ग्राहकांसकट पावणेदोन अब्ज डॉलरांच्या वर विकले, कर्ज हलके केले, आणि नव्या गावांत काचेची तार टाकायला घेतली. म्हणजे तिकडेही पाटल्याच मोडल्या. पण विहीर खणायला निघाल्याचे तेव्हाच सांगितले. विहिरीला पाणी किती लागले हा पुढचा प्रश्न. निदान कशासाठी मोडल्या हे लपवले नाही.

आता मी त्या पाटल्यांकडे येतो, ज्या कुठल्याच यादीत लिहिलेल्या नव्हत्या आणि तरी मोडल्या गेल्या. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी भारत संचारची सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसे स्वेच्छेने निवृत्त झाली. म्हणजे जवळजवळ निम्मे घर. महानगरची चौदा हजारांहून अधिक. पगाराचा बोजा उतरला, हे खरे. पण त्यांच्याबरोबर आणखी काहीतरी फाटकाबाहेर गेले. कोणती केबल कोणत्या गटाराखालून गेली आहे, कुठला सांधा कुठल्या साली जोडला, कोणत्या खांबावरून कुणाच्या घराला वळण घेतले, हे नकाशात असतेच असे नाही. ते लाइनमनच्या डोक्यात असते.

आमच्या भागात असे एक निवृत्त लाइनमन आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक तरुण पोरगा फायबर ओढायला आला. तो मूळचा केबलवाला. वडिलांनी टीव्हीच्या वायरी टाकल्या, आता हा भारत संचारचाच भागीदार म्हणून काचेची तार टाकतो. त्याने पहार उचलली तसे अण्णा ओट्यावरून म्हणाले, "बाळा, तिथं उकरू नकोस. तिथं पाण्याची लाइन आहे. आपला पाइप लिंबाच्या पलीकडनं गेलाय."

"कागदावर तर हितंच दाखवलंय की, अण्णा."

"कागद हापिसात बसून काढलाय. पाइप मी पुरलाय."

पोराने हसून पहार खाली ठेवली. "मग तुम्हीच या की दाखवायला. चहा मी सांगतो."

अण्णा चपला घालून उतरले, चार पावले मोजली, आणि टाचेने खूण केली. पाइप तिथेच निघाला. तो सबंध व्यवहार चहावर मिटला. पण मी मनाशी म्हटले, या टाचेच्या खुणेची किंमत कुठल्या लिलावात कुणी धरली होती? जमीन विकली तर दुसरी घेता येते. टॉवर विकला तर दुसऱ्याचा भाड्याने मिळतो. माणसाच्या डोक्यातली वाट मात्र मोडीत काढली, की तिचे वजनसुद्धा हाती लागत नाही.

यातली आशाही त्याच ओट्यावर दिसते. नव्या तारेचे शेवटचे शंभर हात आज असा स्थानिक पोरगाच टाकतो आहे. भारत संचारने घरोघरच्या फायबरसाठी गावोगावच्या केबलचालकांशी आणि लहान ठेकेदारांशी उत्पन्नाच्या वाट्यावर करार केले. त्यामुळे ज्या केबलवाल्याचा टीव्हीचा धंदा मोबाइलने खाल्ला, त्याला पुन्हा हातात काम आले. आणि ज्या कंपनीकडे माणसे उरली नव्हती तिला पाय फुटले. बिघाड झाला तर हाक मारता येईल असा माणूस पुन्हा गल्लीतलाच झाला. जोशीकाकूंच्या दारातला फोन जसा साऱ्या गल्लीचा होता, तशी काहीशी ही व्यवस्था आहे. पण ती टिकायची तर त्या पोराचा वाटा वेळेवर त्याच्या हातात पडला पाहिजे. त्याचे महिन्याचे बिल अडकले, तर तो दुसऱ्या कंपनीची तार त्याच खांबावरून ओढील, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्यालाही घरी दिवाळी आहे.

या सगळ्यात आमचे काय अडले आहे, असे कुणी विचारील. पुष्कळ अडले आहे. एमआयडीसीतल्या दोन लेथच्या वर्कशॉपवाल्याला पुण्याहून जॉबचे नकाशे येतात ते आता पोस्टाने नव्हे. उशीर झाला तर काम पुढच्या माणसाकडे जाते. २०२०-२१ च्या टाळेबंदीत शाळा-कॉलेजांचे वर्ग तारेवर भरले, तेव्हा ज्या घरात चांगली तार होती तिथली मुले वर्गात होती, आणि जिथे नव्हती तिथली वर्गाच्या बाहेर. हजेरीपटावर दोघांचीही नावे होती. शिवाय दराची गोष्ट. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी मोबाइलचे दर वाढवले, तेव्हा पुढचे काही महिने लक्षावधी माणसे भारत संचारकडे परत आली. सगळी टिकली नाहीत. वेग कमी पडला. पण गावात दुसरे दुकान उघडे असले, की पहिल्या दुकानाचा तराजू सरळ राहतो, हे पेठेतल्या पोरालाही कळते. तुम्ही त्या दुसऱ्या दुकानात जा वा जाऊ नका. ते उघडे असण्यात तुमचा फायदा आहे. म्हणून हे घर मोडू नये, असे मला वाटते. आणि म्हणूनच पाटल्यांचा हिशेब मागावासा वाटतो.

हिशेब अवघड नाही. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे सांगलीच्या हळदपेठेत वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर 'श्री' काढतात, हळदकुंकू वाहतात, आणि मग जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. त्या पद्धतीचे एक सौंदर्य आहे : पैसा आला कुठून हे लिहिले, की तो गेला कुठे हेही त्याच वहीत लिहावे लागते. मोठ्या घराच्या हिशेबातही एवढेच हवे. अमुक गावची जमीन मोडली. तिच्या पैशातून अमुक गल्ल्यांत तार गेली, की अमुक बँकेचे व्याज भागले? संसदेत जमेची बाजू सांगितली गेली, ती चांगली गोष्ट झाली. तिच्या समोरचे नावेचे पान गावोगाव, एक्स्चेंजच्या दारावर लावावे. 'या इमारतीचा वरचा मजला भाड्याने दिला. त्या पैशातून या भागात इतकी घरे फायबरला जोडली,' असा साधा फलक. वाचायला मराठी येत असले म्हणजे पुरे.

असा फलक लागला, तर तांबे गेल्याचे दुःख कुणी धरणार नाही. जुने तांबे काढून विकण्याचे काम ब्रिटनच्या बीटी कंपनीनेही हाती घेतले आहे. जगभर ते चालणारच. मोडणे हा संसारातला अपमान नव्हे. कितीक घरांत आज जो मुलगा कमावता आहे तो आईच्या मोडलेल्या पाटल्यांवर शिकलेला आहे, आणि त्या आईचे रिकामे मनगट त्या घरातला सर्वांत मोठा दागिना ठरले आहे. पण तो मुलगा शिकलेला असला पाहिजे. तिसऱ्या पंक्तीतल्या आम्हां कुपवाडकरांचे मागणे एवढेच आहे, की वाढपी आमच्यापर्यंत येईल तेव्हा त्याच्या हातात नुसते पातेले नसावे.